कांदा, क्युसेक आणि दोन बाण

पहाटे साडेपाच

तालुका वार्ताहराच्या फोनमध्ये शंभरेक ग्रुप असतात आणि ते उघडण्याचा ज्याचा त्याचा क्रम ठरलेला असतो. माझा ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात आधी टँकर आणि महावितरण, निवडणुकीत आधी पक्ष. आता ऑगस्ट सरत आलाय, इगतपुरी-त्र्यंबककडे पाऊस लागून राहिलाय, म्हणून सगळ्यात आधी जलसंपदा. मग पोलीस, मग बाजार समिती. गावोगावचे जागरूक नागरिक त्यानंतर. गुलाबाची फुलं, उगवता सूर्य आणि आदल्या रात्रीचे वाढदिवस अंगठ्याने वर ढकलत गेलं की कुठेतरी एखादी बातमी सापडते.

जलसंपदाचा मेसेज चारच्या सुमाराचा आहे. गंगापूर धरणातून गोदापात्रात विसर्ग सुरू आहे, पाऊस पाहून तो टप्प्याटप्प्याने वाढवला जाईल, नदीकाठच्या लोकांनी सतर्क राहावं. वर तारीख-वेळ, मध्ये क्युसेकचा आकडा, खाली अधिकाऱ्याचं पदनाम. भाषा रुक्ष, पण बातमीला लागतं ते सगळं त्यात आहे. कोण सांगतंय, कधीचं सांगतंय, कुठलं सांगतंय. आता दिवसभरात हाच मेसेज मला आणखी दहा ठिकाणांहून येईल आणि दर वेळी त्यातलं काहीतरी गळालेलं असेल. आधी पदनाम जातं, मग वेळ, शेवटी धरणाचं नावसुद्धा. उरतं ते फक्त ‘धरणाचे दरवाजे उघडले, सावधान!’ आणि पुढे तीन लाल दिवे. माझ्या कामाचा मोठा भाग हल्ली हाच झालाय, गळालेलं परत जोडून देणं.

तेवढ्यात आमच्याच पेपरचं पीडीएफ येऊन पडतं. स्टँडवर विक्रेता अजून गठ्ठे सोडतोय. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी अंक टाकणं थांबलं तेव्हा लोकांना पीडीएफची सवय लागली, ती सुटली नाही. कोण टाकतो ते कोणाला माहीत नाही आणि शोधून काढायची कोणाला फार घाईही दिसत नाही. माझी कालची बातमी पान पाचवर खालच्या कोपऱ्यात आहे. नाव नाही, नुसतं ‘वार्ताहर’.

सात

लासलगावच्या स्टँडजवळच्या टपरीवर आता माझ्याकडे कोणी बातमी मागत नाही. मलाच दिल्या जातात. ‘भाऊ, सिन्नरला काय झालं ते कळलं का?’ असं जो विचारतो, त्याला मला काय ठाऊक आहे यात काडीचा रस नसतो. त्याला सांगायचं असतं. मी ऐकून घेतो. दहातल्या दोन गोष्टी खऱ्या निघतात आणि त्या दोनांतली एखादी मला खरोखरच माहीत नसते.

मी या धंद्यात आलो तेव्हा बातमी एसटीने जायची. कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत भरपूर जागा सोडून लिहायचं, पाकिटावर ‘तातडीची बातमी’ असं ठळक करायचं आणि दुपारच्या नाशिक गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करायचं. तिकडे ऑफिसातला शिपाई ते उतरवून घ्यायचा. गाडी पंक्चर झाली की दुसऱ्या दिवशी निफाड तालुका पेपरात नसायचा. मग फॅक्स आला, मग सायबर कॅफेतला ईमेल. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि बघता बघता माझ्या आधी बातमी पोचवणारे तालुक्यात हजारो जण झाले.

त्याचं मला दुःख नाही. आमच्यातले काही जण अजून गळे काढतात, त्यांच्याशी माझं पटत नाही. पूर्वी गारपीट झालेल्या वस्तीवर मी पोचेपर्यंत गारा वितळून जायच्या आणि महसूलवाले म्हणायचे, ‘एवढं काही नाही झालं.’ आता पाचव्या मिनिटाला द्राक्षबागेचा व्हिडिओ येतो आणि दुपारपर्यंत पंचनाम्याचा आदेश निघतो. हे काम माझ्या चार कॉलमांनी कधी एवढ्या लवकर केलं नव्हतं.

नऊ

बाजार समितीचं आवार सकाळीच भरलंय. ही समिती १९४७ची. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप गाड्यांच्या रांगा लागल्या आहेत. इथल्या बोलीत एकेक वाहन म्हणजे एक नग. पुकारा करणारा पुढे, व्यापाऱ्यांचा घोळका त्याच्या मागे, आणि तो घोळका नगागणिक सरकत जातो. एक जण कोपरापर्यंत हात घालून ट्रॉलीतला आतला कांदा वर काढतो. हा उन्हाळ कांदा, एप्रिलपासून चाळीत पडलेला. वरचा थर निवडून लावलेला असणारच, म्हणून आतला बघायचा. पत्ती सुटली आहे का, मानेपाशी मऊ लागतोय का, मोड धरलाय का. अंगठ्याने दाबतात, टरफल उडवतात, कांदा परत टाकतात. बोली चढते, थांबते, चिठ्ठी फाटते. एका नगाला मिनिटभरही लागत नाही. चार महिन्यांची राखण त्या मिनिटात मोजली जाते आणि ट्रॉली वजनाला आणि मग व्यापाऱ्याच्या खळ्याकडे निघते.

या मिनिटात आता पाच-सहा फोन वर धरलेले असतात. शेतकऱ्याची पोरं आहेत, एकदोन यूट्यूबवाले आहेत, व्यापाऱ्याचा माणूस पण आहे. पहिला भाव फुटला की तो सटाणा, कळवण, चांदवड, येवल्यापर्यंत चहा गार व्हायच्या आत जातो. पूर्वी शेतकऱ्याला हा भाव आकाशवाणीच्या बाजारभावांत किंवा दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात कळायचा, तोवर व्यापारी एक दिवस पुढे असायचा. ते अंतर मिटलं हे फार चांगलं झालं. बांधावरच्या माणसाला आज गाडी भरायची की थांबायचं हे स्वतः ठरवता येतं.

पण फोनमध्ये जातं काय, तेही बघण्यासारखं आहे. समिती सत्र संपल्यावर तीन आकडे देते, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. माझ्या बातमीतही तेच तीन आणि त्यांच्यासोबत आवक. ग्रुपवर फिरतो तो एकच, जास्तीत जास्तचा. त्याची चिठ्ठी असते, चिठ्ठीचा फोटो निघतो, फोटोवर गुलालाचे स्टिकर चिकटतात. तो भाव एखाद-दुसऱ्या नगाला मिळालेला असतो. सरासरीचा फोटो निघत नाही.

आज चांदवडकडचे एक नाना भेटले. काल चिठ्ठीचा फोटो बघून त्यांनी रातोरात चाळ फोडली आणि पहाटे रांगेत लागले. तो फोटो बघणारे ते एकटे नव्हते. आवक कालपेक्षा चांगलीच वाढलेली होती.

‘भाऊ, काल तर इतका गेला होता. माझा का नाही जात?’

‘नाना, काल तेवढ्याने एकच नग गेला होता.’

‘मग तसं लिहायचं ना त्याच्यात.’

ते मी लिहिलं होतं. पान पाचवर, सरासरीसकट. नानांनी पेपर घेणं लॉकडाउनपासून बंद केलंय.

फोटोने चाळ फुटते, तशी बातमीनेही फुटते, आणि ती बातमी गावच्या पोराने टाकलेली असायलाच हवी असं नाही. ७ डिसेंबर २०२३ला केंद्राने ३१ मार्चपर्यंत कांदा निर्यातबंदी घातली. पुढच्या फेब्रुवारीत बंदी उठल्याची बातमी आली. ती मोठमोठ्या वाहिन्यांनी चालवली, दिल्लीच्या बैठकीचा हवाला दिला. अधिसूचना मात्र कोणाच्याच हातात नव्हती. लासलगावात भाव उसळले. दोन दिवस होतात न होतात तोच केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी सांगितलं की बंदी कायम आहे, आणि भाव घसरले. बंदी खरोखर उठली ४ मे २०२४ला, तीही ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून. तेव्हापासून इथले जुने व्यापारी कुठलीही ब्रेकिंग दाखवली की एकच विचारतात, ‘नोटिफिकेशन आलं का? नंबर काय?’ आमच्या पत्रकारितेच्या शिबिरांत तासभर भाषणं होतात, त्यापेक्षा हे दोन प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतात.

साडेअकरा

निफाडची तहसील कचेरी. मागणी, निवेदन, इशारा, सगळं व्हॉट्सॲपवर येतं, फोटोसकट, मजकूर तयार. म्हणून कचेरीत आता पत्रकार फिरकत नाहीत. त्यामुळे निवेदनात नसलेलं काही कानावर पडण्याची सोयही गेली. व्हरांड्यात दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आलेली एक म्हातारी बसली आहे. तिची प्रेस नोट कोणी काढत नाही. तिचं नाव-गाव वहीत घेतो आणि निघतो, कारण फोन सारखा थरथरतोय.

साडेबारा

पहिला फोन पुण्याहून, धाकट्या बहिणीचा. ‘दादा, सायखेड्याचा पूल गेला म्हणे? चांदोरीत पाणी शिरलंय?’ तिला कोणी सांगितलं? तिच्या सोसायटीतल्या बाईने. त्या बाईला? मुंबईच्या दिराने. सायखेडा माझ्यापासून घटकाभराच्या रस्त्यावर आहे आणि तिथली बातमी मला मुंबई-पुण्याला वळसा घालून आली.

व्हिडिओ तोवर माझ्याकडेही आला, एकाच वेळी चार ग्रुपवर. वर दोन बाणांची खूण, म्हणजे बऱ्याच हातांतून आलेला. फिरून फिरून चित्र इतकं पुसट झालंय की माणसांचे चेहरे दिसत नाहीत. पुलावरून पाणी वाहतंय, कठड्याला पाणवेलींचा ढीग अडकलाय, काठावर लोक उभे आहेत. खाली मजकूर, ‘सायखेडा पूल, आत्ताची परिस्थिती’. आत्ता म्हणजे कधी? मजकुरात तारीख नाही.

व्हिडिओ खोटा नाही, हेच अवघड आहे. पूल सायखेड्याचाच आहे, पाणी गंगेचंच आहे. (गोदावरीला इकडे कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात.) गंगापूरचं आणि दारणेचं पाणी वरच्या अंगाला एकत्र होतं आणि खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जातं, वाटेत चांदोरी आणि सायखेडा. २०१६च्या आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये इथे घराघरांत पाणी होतं. त्यामुळे ‘चांदोरीत पाणी शिरलं’ हे इथल्या माणसाला पटवून द्यावं लागत नाही. त्याने ते पाहिलेलं असतं.

मी बाजूला गाडी लावून व्हिडिओ कानाला लावला. अशा वेळी डोळ्यांपेक्षा कान बरे. पाण्याचा आवाज, वारा, कोणीतरी पोराला मागे ओढतंय, आणि अगदी शेवटी एक बाई कोणाला तरी म्हणते, ‘उद्या पंचमी, आन आज हे असं.’ दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा आवाज वाढवून ऐकलं. पंचमी. यंदाची नागपंचमी केव्हाच होऊन गेली. २०१९ला ती ५ ऑगस्टला होती आणि गंगेला मोठा पूर आला तो आदल्या दिवशी, रविवारी. फोनमध्ये जुनं पंचांग बघून खात्री केली.

तरी एवढ्यावर ‘व्हिडिओ जुना’ असं लिहून मोकळं होता येत नाही. तो जुना असेल आणि आत्ताही पाणी पुलावर असेल, तर? शेतातून रस्ता काढत, रेनकोटची टोपी डोळ्यांवर येत, चांदोरीमार्गे पुलावर गेलो. पाणी गढूळ, जोरात, पण पुलाच्या बरंच खाली. पाणवेली आहेत, त्या दर पावसाळ्यात असतात. ट्रॅक्टर ये-जा करतायत. गावचे पोलीस पाटील छत्री घेऊन उभे होते, पाच-सहा पोरं हाकलत.

‘पाटील, सकाळपासून किती फोन?’

‘मोजायचे सोडून दिले. मुंबईहून जावई निघालेत म्हणे आम्हाला न्यायला.’

फोटो घेताना मी बॅगेतला आजचा अंक काढला आणि तारीख दिसेल असा पाटलांच्या हातात दिला. मागे पूल, खाली पाणी, मध्ये पेपर. छापील अंकाला अजून काय जमतं असं कोणी विचारलं तर मी हा फोटो दाखवेन. पीडीएफ हातात धरता येत नाही.

फोटो टाकला, खाली वेळ टाकली, जलसंपदाचा पहाटेचा आणि दुपारचा आकडा टाकला. पण माझा मजकूर कोण वाचणार? तो लांब आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. म्हणून पाटलांना म्हटलं, तुम्ही तुमच्या तोंडाने बोला. त्यांनी फोन तोंडाशी धरून अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज केला. मी अमुक, गावचा पोलीस पाटील, आत्ता दुपारचा एक वाजून वीस मिनिटं झालीत, पुलावर उभा आहे, पाणी खाली आहे, कोणी घाबरू नका, पण रात्री गुरं काठाला बांधू नका. शेवटचं वाक्य मी सांगितलं नव्हतं, त्यांचंच. हा मेसेज माझ्या मजकुराच्या कितीतरी पुढे गेला. दोन तासांत पुण्याच्या बहिणीने तोच मला पाठवला. गावातल्या माणसाला पेपरची ओळख नसली तरी पाटलांच्या आवाजाची असते, आणि आता त्यात तारीख नसली तरी वेळ आणि जागा तरी होती.

तीन

जेवण, आणि मग पोटाचा विषय. तालुका वार्ताहराला पगार नसतो, मानधन असतं, आणि ते सांगण्यासारखं नसतं. घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. वाढदिवस, निवड, दिवाळी, वर्धापनदिनाची पुरवणी. ज्यांच्याकडे तीन वाजता जाहिरात मागायची, त्यांच्याच गटारीच्या कामाबद्दल पाच वाजता लिहायचं, हा आमच्या धंद्यातला जुना पेच आहे. फेसबुक यायच्या आधीपासूनचा. फेसबुकने एवढंच केलं की पेचाची समोरची बाजू जड झाली. आज ज्या सरपंचांकडे गेलो, त्यांनी मागे अर्धं पान दिलं होतं. आता पाव पानावर आले.

‘भाऊ, तुमच्या पेपरपेक्षा माझं पेज जास्त लोक बघतात. पाचशे रुपये टाकले की गावभर जातं.’

खोटं नाही. पूर्वी पुढाऱ्याला लोकांपर्यंत जायला माझ्याकडे यावं लागायचं, मग चहापाण्यात मीही दोन प्रश्न विचारून घ्यायचो. आता ते लाइव्ह करतात, खाली कार्यकर्ते शंभर बदाम टाकतात आणि प्रश्न विचारणारा ब्लॉक होतो. तरीही पाव पान देतात, कारण कात्रण लागतं. कात्रणाचा फोटो काढून पेजवर टाकायचा असतो. ‘दखल घेतली’ असं लिहून.

बाहेर यूट्यूबवाली दोन पोरं भेटली, हातात स्वतः छापून आणलेल्या लोगोचा बूम. यांची टिंगल करणारे आमच्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यातले काही वसुलीच करतात, हेही खरं. पण यातल्याच एकाने मागे एका नव्या रस्त्याचं डांबर नुसत्या हाताने पापुद्र्यासारखं सोलून दाखवलं होतं. दोन मिनिटांचा व्हिडिओ, एक शब्द जास्तीचा नाही. रस्ता परत झाला. कचेरीत मात्र त्याला पहिला प्रश्न येतो, ‘तुझी नोंदणी आहे का?’ १८६७चा छापखान्याचा कायदा जाऊन १ मार्च २०२४पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला, पण त्यात यूट्यूब चॅनलला जागा नाही. पोरगा नोंदणी करणार कुठे?

पाच

बातम्या टाइप करतो, फोनवरच, दोन अंगठ्यांनी. कांदा, विसर्ग, पूल, म्हातारीचा दाखला, एक अपघात, दोन निवेदनं. वेब डेस्कवरून फोन येतो, मुलगा तरुण आहे, हुशार आहे, त्याला पावणेसहापर्यंत वाचकसंख्या दाखवायची असते.

‘सर, “गोदाकाठी हाहाकार” देऊ का?’

‘हाहाकार नाही हो. पाणी पुलाच्या खाली आहे.’

‘मग “भीतीचं वातावरण”?’

‘भीती आहे, पण ती पाण्याची नाही. व्हिडिओची आहे.’

‘“त्या व्हायरल व्हिडिओमागचं सत्य काय?”’

असा मथळा अर्धे लोक न उघडता पुढे सरकवतात, आणि त्यांच्या डोक्यात ‘पूल’, ‘व्हिडिओ’, ‘पाणी’ एवढंच राहतं. अफवेचा मथळा करू नये, खरं काय ते आधी सांगावं, यावर मी अडून बसतो. शेवटी ‘सायखेडा पूल वाहतुकीस खुला, फिरणारा व्हिडिओ २०१९चा’ यावर तडजोड होते. तो म्हणतो, याला कोणी क्लिक करणार नाही सर. बरोबर आहे त्याचं. मथळ्यातच सगळं कळतं, क्लिक कशाला करतील?

आठ

हा मेसेज आला तेव्हा पाण्याचा विषय मी डोक्यातून काढून टाकला. एका वस्तीच्या ग्रुपवर फोटो. दोन बायका, एक म्हातारा, डोक्यावर भांड्यांच्या पाट्या. ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात, दिसल्यास सोडू नका.’

मला या शब्दांची भीती वाटते आणि तिला कारण आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारचा बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. पोरं पळवणारे म्हणून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून ठार मारलं. त्याच दिवशी आमच्या जिल्ह्यात, मालेगावात, एका कुटुंबावर तशीच गर्दी चालून गेली होती. पोलीस वेळेत पोचले म्हणून ते वाचले. त्या उन्हाळ्यात देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यातून मूल उचलून नेतात असा. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला जाहिरातपट. शेवटी ते मूल परत आणून सोडतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता. बाकी सगळं जसंच्या तसं.

त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. २०२०च्या एप्रिलपासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. याने वेग कमी झाला हे मी पाहिलंय. पण फोटो गॅलरीत उतरवून नव्याने टाकला की बाण गळून पडतात आणि तो पुन्हा कोरा होतो. आत्ताचा हा फोटो तसाच आहे, बाण नसलेला, जणू आत्ताच कोणी काढलाय.

आधी पोलीस ठाण्याला फोन. मग ग्रुपच्या ॲडमिनला, विशीतला पोरगा, शेतातून घरी आलेला. ‘दादा, काढून टाक आधी.’ तो घाबरला, ‘माझ्यावर गुन्हा पडेल का हो?’ दुसऱ्याच्या पोस्टसाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हा लागत नाही असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्येच सांगितलंय. पण ते समजावत बसायची ही वेळ नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याची भीती या घडीला कामाची होती. ॲडमिनला आता कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. त्याने पुसला. तोवर तो किती ठिकाणी गेला असेल ते देवाला ठाऊक.

पाऊण तासाने ठाण्यातून फोन आला. त्या बोहारणी होत्या. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या, दरवर्षी पावसाळ्यात या भागात येणाऱ्या. पाऊस लागला म्हणून शेजारच्या गावात मारुतीच्या देवळात थांबलेल्या. पोलिसांची गाडी तिथे उभी आहे, सरपंचही आलेत. गावातल्या एका बाईने तर त्यांच्याकडून घेतलेलं पातेलं आणून दाखवलं म्हणे.

डेस्कने विचारलं, फोटो आहे ना? आहे. पाठवला नाही. पुसट करून लावू म्हणाले, तरी नाही. उद्या छापून आला की त्याचंच कात्रण होऊन फिरेल आणि कात्रणावर आमच्या पेपरचं नाव असेल. आठ ओळींची बातमी दिली, गावाचं नाव न घालता. शेवटच्या ओळीत पोलीस ठाण्याचा नंबर.

साडेदहा

डाक आवृत्तीची पानं सुटली. विसर्ग संध्याकाळनंतर थोडा कमी केल्याचा जलसंपदाचा मेसेज आला, वेळ आणि पदनामासकट. तो तसाच, एक अक्षर न बदलता, पाटलांना पुढे पाठवला. म्हातारीच्या दाखल्याची बातमी जागेअभावी राहिली. उद्या पुन्हा लावायला सांगितलंय.

एवढ्यात जाहिरात विभागाचा फोन. सरपंचांची पाव पान जाहिरात उद्याला आहे आणि पाठवलेला फोटो फाटतोय, छापण्यालायक नाही. सरपंचांना फोन लावला, झोपेतून उठले.

‘साहेब, चांगला फोटो पाठवा एखादा, मूळ फाइल.’

‘मूळ कुठली आता भाऊ? पेजवर आहे ना, तिथूनच घ्या काढून.’

तोच तर घेतला होता.